बियाण्याची पाच रोपं

एका गावात एक भाजी होती. राजा नव्हता, शेठ नव्हता, बोलणारा पोपटही नव्हता. पण भाजी होती, आणि तिच्यावर सगळ्या गावाचा जीव होता. तिचं नाव केल. तशी कोबीच्याच घराण्यातली, पण कोबीसारखा गड्डा धरत नाही. उभ्या दांड्याला कुरळी हिरवीगार पानं येतात, आणि कडाक्याची थंडी पडली की त्या पानांना गोडी येते. म्हणे, कुणा साहेबाच्या बंगल्यावर काम करणाऱ्या माळ्यानं फार पूर्वी धोतराच्या सोग्यात चिमूटभर बी बांधून आणलं होतं. खरं-खोटं तो माळी जाणे. डोंगरावरच्या गारठ्यात केल रुजली ती रुजलीच, आणि आसपासच्या दहा गावांत नसलेली भाजी या गावाच्या परसापरसात दिसू लागली.

बी राखायची गावाची एक रीत होती. नवरात्रात घरोघर पेरणी व्हायची. भोगीच्या दिवशी सगळ्यांनी आपापली रोपं मुळासकट उपटून देवळापुढं आणायची, मोठ्या पातेल्यात सगळ्या गावाची एक भाजी करायची आणि तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर एका पंगतीत खायची. दुसऱ्या दिवसापासून वाफ्यांत कांदा. मग गावात केलचं एक पान शोधून सापडायचं नाही.

फक्त एका घरी सापडायचं. दर वर्षी एका घराला बियाण्याचा मान असे. त्या घरानं आपली सगळ्यांत धट्टीकट्टी पाच रोपं भोगीला उपटायची नाहीत. त्यांचं पानसुद्धा तोडायचं नाही. त्यांना पिवळी फुलं येऊ द्यायची, शेंगा धरू द्यायच्या, आणि वैशाखात वाळलेल्या शेंगा चोळून बी सोनाआत्याच्या हवाली करायचं. सोनाआत्या गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई. ती ते बी वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात ठेवायची आणि नवरात्रात घरटी चिमूट-चिमूट वाटून तुंबा रिकामा करायची. म्हणजे बघा, सगळ्या गावाची पुढच्या वर्षाची भाजी त्या पाच रोपांच्या पोटात. ती गेली की केल गेली.

त्या वर्षी मान आला गजराकाकूला.

गजराकाकू बाई कामाची. परसातला एक दगड तिनं रिकामा बसू दिला नव्हता, त्याच्यावरही दोडक्याचा वेल चढवला होता. मनानं चांगली, हातानं सढळ. खोड एकच. लोकांनी आपल्याला नावं ठेवलेली तिला खपायची नाहीत. भाकरीचा एक पापुद्रा करपला तरी ती भाकरी स्वतःच्या ताटात खाली लपवायची. नवरा रामजीकाका तिला म्हणायचा, "अगं, घरात आपण दोघंच आहोत. लपवतेस कुणापासून?" त्यावर काकू म्हणायची, "तुम्हांला नाही कळायचं."

मान मिळाल्यावर तिनं केल वाढवली, ती मात्र डोळ्यांत तेल घालून. वाफ्यात कुजलेलं शेणखत आणि चुलीतली राख मिसळली. राईएवढं काळं बी बोटानं ओढलेल्या रेघेत टाकलं, वर अर्ध्या पेराएवढी भुसभुशीत माती, आणि पाणी शिंपडलं ते हातानंच, बी वाहून जाऊ नये म्हणून. पाचव्या-सहाव्या दिवशी दोन-दोन पानांची रोपं वर आली. दाट झालेली रोपं उपटून विरळ करताना काकूचा जीव कळवळायचा. प्रत्येक रोपाला "जा बाई, तुझ्या बहिणीला जागा दे" असं सांगून ती उपटायची. रोज सकाळी पानं उलटून हिरव्या अळ्या वेचायची. पौष लागेपर्यंत तिची केल कमरेला लागली.

भोगी झाली. वाफ्याच्या टोकाला ती पाच रोपं तेवढी उरली. येणारी-जाणारी माणसं कुडावरून डोकावून म्हणायची, "काकू, यंदा बी चांगलं मिळणार." काकू वर वर म्हणायची, "माझं काय आहे त्यात, जमिनीचा गुण." पण दोन दिवस तिचा पाय जमिनीवर नव्हता.

तिसऱ्या दिवशी लेक आणि जावई आले. लग्नानंतरची पहिली संक्रांत. बरोबर विहीणबाई, आणि विहीणबाईंची बहीणही. काकूनं हलव्याचे दागिने करून ठेवले होते, पुरणावरणाचा घाट घातला होता. सगळं यथासांग झालं. जेवताना जावई सहज म्हणाला, "मामी, तुमची लेक सारखी त्या केलच्या भाजीचं कौतुक करते. आमच्या घरात सगळे म्हणतात, असेल कसला तरी पाला."

विहीणबाई पदराआड हसल्या.

झालं. तो 'पाला' काकूच्या काळजात रुतला. सरळ सांगायचं ना, की भाजी भोगीला संपली, पुढच्या वर्षी भोगीच्या आधी या. पण तसं सांगितलं असतं तर विहीणबाई घरी जाऊन म्हणाल्या असत्या, की पहिल्या सणाला साधी भाजीसुद्धा केली नाही. म्हणतीलच असं नव्हतं. पण काकूच्या कानांना ते ऐकूसुद्धा आलं. तिनं विळा घेतला आणि परसात गेली.

पाच रोपांपुढं ती थोडा वेळ उभी राहिली. मग मनाशी म्हणाली, चार उरली तरी पुष्कळ झाली. आणि एक रोप वीतभर खुंट ठेवून कापलं.

भाजी अशी उतरली की जावयानं तीनदा घेतली. विहीणबाई म्हणाल्या, "पाला म्हणणाऱ्याच्या जिभेला काही हाड नाही हो." काकूला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी जावयानं पुन्हा भाजीची आठवण काढली. तीन उरली तरी चालतात, काकू मनाशी म्हणाली. तिसऱ्या दिवशी दोन गेली, कारण विहीणबाईंच्या बहिणीला कोवळा शेंडा फार आवडला. चौथ्या दिवशी पाहुणे निघाले, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "घरच्यांना चाखवायला थोडी द्याल का?" आता एकाच रोपाचं बी ते किती होणार, असं स्वतःला समजावून काकूनं पाचवंही कापलं आणि पदराला हात पुसत जुडी बांधून दिली. म्हणजे पहिल्या दिवशी चार पुष्कळ होती, आणि चौथ्या दिवशी एक असून नसल्यासारखं झालं. माणसाचं मन हिशेबात असं पक्कं असतं बरं का.

पाहुण्यांना वेशीपर्यंत पोचवून काकू परत आली आणि परसात गेली. समोर वीत-वीत उंचीचे पाच उघडे खुंट.

कुडाला धरून ती खाली बसली. चार दिवस जे डोक्यात शिरत नव्हतं ते आता एकदम शिरलं. आपण गावाची भाजी जावयाला खाऊ घातली. पुढची भोगी येईल तेव्हा देवळापुढचं पातेलं रिकामं असेल, आणि का रिकामं ते पोराटोरांना माहीत असेल. आपलं नाव निघेल, आपल्या मागं लेकीचं निघेल.

रामजीकाका परसात आला. त्यानं खुंट पाहिले, बायकोचं तोंड पाहिलं, आणि म्हणाला, "सोनाआत्याला सांगून ये. आत्ताच जा."

"उद्या जाते," काकू म्हणाली.

उद्या काही ती गेली नाही. तिनं काय केलं, तर पाचही खुंट झाकून टाकले. घरात कोंबड्या झाकायची दोन डालगी होती, ती दोन खुंटांवर पालथी घातली. तिसऱ्यावर बांबूची जुनी पाटी. चौथ्यावर फुटक्या काठाचा माठ. आणि पाचव्यावर काही मिळेना, म्हणून शेण काढायचं लोखंडी घमेलं. प्रत्येकावर दगड ठेवला. कोंबड्या बिचाऱ्या त्या दिवसापासून ओसरीवर फिरू लागल्या.

शेजारणीनं कुडावरून विचारलं, "काकू, हे काय गं?"

"दव फार कडक पडतंय," काकू म्हणाली. "रोपांना बाधेल म्हणून झाकली."

शेजारीण भारावून गेली. तिनं ते विहिरीवर सांगितलं. विहिरीवरून ते देवळात गेलं. दोन दिवसांत गावभर झालं, की मान घ्यावा तर गजराकाकूनं. स्वतःच्या कोंबड्या उघड्यावर ठेवल्या, पण केल झाकली. पाणवठ्यावर बायका तिला आधी घागर भरू देऊ लागल्या. एकदोघींनी तर आपली मिरचीची रोपंसुद्धा पाट्यांखाली घातली.

कौतुक तर काकूला आवडायचं. पण हे कौतुक घशाखाली उतरेना. कुणी "वा काकू" म्हटलं की ती घागर अर्धीच भरून घरची वाट धरायची. ती परसात जाईनाशी झाली. चुकून गेली तरी त्या कोपऱ्याकडं पाठ करून उभी राहायची. डालगं उचलून खाली काय आहे हे बघायचा धीर तिला एकदाही झाला नाही. कापलेले खुंट आहेत, दुसरं काय असणार? भाकरी थापताना तिचं लक्ष नसायचं, आणि करपलेली भाकरी लपवायचंही भान राहायचं नाही. रामजीकाका ती न बोलता खायचा. एकदाच म्हणाला, "तू झाकलंस ते गावाला दिसत नाही. पण तुला तर दिसतंय ना?"

काकू पीठ मळत राहिली.

असे पंधरा-सोळा दिवस गेले आणि रथसप्तमी आली. सोनाआत्याच्या घरी गावातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. काकूला जायचंच नव्हतं, पण न जावं तर लोक काय म्हणतील, म्हणून गेली. ती दाराशीच बसायच्या बेतात होती. सोनाआत्यानं तिला हाताला धरून पुढं नेलं, पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं. मग आत जाऊन एक वस्तू घेऊन आली. तो बियाण्याचा तुंबा होता.

"बायांनो, ऐका," सोनाआत्या म्हणाली. "माझे डोळे आता साथ देत नाहीत. बी पडलं तर मला दिसत नाही. हा तुंबा सांभाळायला जिवाला जीव देणारं माणूस पाहिजे. या पोरीनं कोंबड्यांचं डालगं केलवर घातलं, तेव्हाच मी ठरवलं. यापुढं तुंबा गजराकडं."

आणि तिनं तो रिकामा, हलका तुंबा काकूच्या ओटीत ठेवला.

सगळ्या बायका हसऱ्या तोंडानं बघत होत्या. काकूनं तुंब्याकडं पाहिलं. त्याच्यात काही नव्हतं, आणि नवरात्रातही काही असणार नव्हतं, हे त्या घरात एकट्या तिला ठाऊक होतं. आता नुसतं 'बरं' म्हटलं की झालं. नवरात्र यायला अजून कितीतरी महिने. तोवर उंदरानं खाल्लं म्हणता येईल, गारपीट झाली म्हणता येईल. नावाला बट्टा लागणार नाही. तिनं तोंड उघडलं. पण 'बरं' काही बाहेर येईना.

"आत्या, हा मला नको," ती म्हणाली. "बी होणार नाही. पाचही रोपं मी कापली. जावयाला आणि विहिणीला भाजी करून घातली. दव-बिव काही नाही. खुंट दिसू नयेत म्हणून झाकलं होतं."

हळदीकुंकवाची करंडी घेतलेली सोनाआत्याची सून जागच्या जागी उभी राहिली.

पहिल्यांदा शेवंता बोलली. शेवंता म्हणजे देवळाशेजारची, जिभेला धार असलेली बाई. "म्हणजे पुढच्या भोगीला माझ्या नातवाच्या ताटात यायची ती भाजी तुझ्या जावयानं यंदाच खाल्ली म्हण की."

"हो," काकू म्हणाली.

आता गंमत बघा. ज्या दोन शब्दांच्या भीतीनं काकूला सोळा दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, ते तर बोलून झाले होते. छप्पर काही कोसळलं नाही. लाज वाटत होती, फार वाटत होती. पण कितीतरी दिवसांनी तिला पूर्ण श्वास घेता आला.

सोनाआत्यानं विचारलं, "विळा कुठून फिरवलास? मातीलगत, की वर?"

"वीतभर वर."

"चल, दाखव."

हळदीकुंकू राहिलं बाजूला. ठेवणीतली लुगडी नेसलेल्या वीसेक बाया गजराकाकूच्या परसात शिरल्या. रामजीकाका कुडाची काठी बांधत होता, तो एवढ्या बायका बघून घरात निघून गेला.

सोनाआत्यानं आधी घमेल्यावरचा दगड काढला आणि घमेलं उचललं. खालचा खुंट काळा पडून कुजला होता. काकूनं मान फिरवली. मग माठ उचलला. त्या खुंटाला कडेनं दोन फुटवे आले होते, पण पांढरेफटक, पाण्यासारखे मऊ, आणि केव्हाच माना टाकलेले.

"फुटले होते बघ," सोनाआत्या हळूच म्हणाली.

मग पाटी उचलली. पाटीच्या विणीतून थोडा उजेड आत जात होता. खुंटाच्या बगलेतून तांदळाच्या दाण्याएवढे पिवळे कोंब डोकावत होते, जिवंत. आणि शेवटी ती दोन डालगी. डालग्याची वीण मोकळी. त्यांच्याखाली बोट-बोट उंचीचे फुटवे होते, फिकट पिवळे, उजेडाच्या फटीकडं वाकडे होऊन वाढलेले. एका खुंटाला चार, दुसऱ्याला सहा.

काकू मटकन खाली बसली. आपल्याच डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना. तिनं एका फुटव्याला बोट लावून बघितलं, आणि मग ती रडू लागली. इतके दिवस भीतीनं न आलेलं रडू आता सुटकेनं आलं, आणि रडता रडता ती हसतही होती.

सोनाआत्या तिच्याशेजारी मातीत टेकली. "गजरे, केलचा खुंट कापल्यानं मरत नाही. वरचा शेंडा गेला की ती बगलेतून फुटते. फुलं येतात, बीसुद्धा येतं. हे त्याच दिवशी येऊन विचारलं असतंस, तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं, आणि पाचही हाताशी राहिली असती. ही दोन गेली ती तुझ्या विळ्यानं नाही गेली. घमेल्यानं आणि माठानं गेली."

मग शेवंताच पुढं झाली आणि डोक्यावर ऊन आलं तेव्हा आपल्या लुगड्याचा पदर फुटव्यांवर धरून उभी राहिली. "एकदम ऊन लागलं तर पोळतील," ती म्हणाली. "गजराकाकू, एखादी चटई आण. दोन दिवस सकाळचंच ऊन द्यायचं."

तसंच केलं. दोन दिवस सकाळचं कोवळं ऊन, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. पिवळे कोंब हिरवे झाले. फाल्गुनात त्यांना फुलं आली आणि परसात मधमाश्या घुमू लागल्या. वैशाखात काकूनं वाळलेल्या शेंगा सुपात चोळल्या, फुंकून फोलपटं उडवली, आणि बी घेऊन सोनाआत्याकडं गेली. दर वर्षी तुंबा गळ्यापर्यंत भरायचा, यंदा निम्म्याच्या थोडा वर भरला. नवरात्रात घरटी चिमूट जरा लहान मिळाली. पण एकही घर सुटलं नाही.

आणि वाटणी कुणी केली, तर गजराकाकूनं. तुंबा तिच्याकडंच राहिला. शेवंतानं कुरकुर केली होती, "आत्या, जिनं रोपं कापली तिच्याच हाती?" सोनाआत्या म्हणाली होती, "रोपं कुणीही कापेल. भरल्या घरात तोंडानं सांगणारी ही एकच निघाली."

पुढच्या संक्रांतीला जावई पुन्हा आला, तो यंदाही भोगी उलटल्यावरच. ताटात केल नव्हती, चाकवताची भाजी होती. जावयानं भाजी चिवडून विचारलं, "मामी, ती मागच्या वर्षीची भाजी नाही का?"

"नाही जावईबापू," काकू म्हणाली. "भोगीला संपली. मान आहे त्या घरी पाच रोपं आहेत, पण ती बियाण्याची. जेवण झालं की चला, दाखवते लांबून. मागच्या वर्षी तुम्ही खाल्लीत ती गावाची होती, माझी नव्हती. मी तेव्हा सांगायला पाहिजे होतं, ते आता सांगते."

जावयानं ताट पुढं केलं. "हा चाकवतही झकास झालाय. अजून वाढा."

काकूनं भाजी वाढली आणि वर एक भाकरी वाढली. ती भाकरी एका कडेला चांगली करपली होती, पण काकूनं ती तशीच, करपलेली बाजू वर ठेवून वाढली.

तात्पर्य: चूक झाली की ती लगेच उजेडात आणावी; कापलेल्या खुंटालाही फुटवा येतो, पण आपण त्याच्यावर घमेलं पालथं घातलं, तर चुकीतून वाचलेलं आपल्या लपवण्यानं मरतं.